दैत्याच्या पायात निळी स्लीपर

गोरेगाव, मुंबई
१४ जानेवारी २०१७

काका,

तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या उजव्या कानाला वेगळा नमस्कार. डाव्याने तर केव्हाच राजीनामा दिला, आता उजवाही रजेवर असतो असं धर्मेश सांगत होता. परवा फोनवर मी घसा फोडून माझं नाव सांगत होते आणि तुम्ही "मासळी नाही आज, उद्या या" म्हणून ठेवून दिलात. इतकी वर्षं बोटीच्या इंजिनाला खेटून बसल्यावर दुसरं काय होणार! म्हणून पत्र. ऑफिसात सगळे मला हसतात, म्हणतात आजकाल कोण पत्र लिहितं. मी म्हटलं, ज्यांच्या काकांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं ते.

बातमी ऐका. नव्हे, वाचा. आमच्या वाहिनीने एका जुन्या गोदामातून सिनेमांचे डबे उचलले. काल त्यातला एक लावला. नाव, 'लाल खाडी का दैत्य'. मी खुर्चीतून उठून ओरडले, "हे माझे काका आहेत!" कोणाचा विश्वास बसेना, कारण पडद्यावर नखशिखांत जाळं गुंडाळलेलं काहीतरी समुद्रातून बाहेर येत होतं. पण मी दहावीपर्यंत तुमच्या घरात वाढले. उजवा खांदा खाली टाकून चालणं दुसऱ्या कोणाचं असणार?

एक विचारायचं राहिलं. दैत्याच्या पायात निळी स्लीपर का आहे?

तुमची,
भाविनी

ता. क. ज्या कार्यक्रमात हा सिनेमा दाखवणार, त्याचं लेखन मी करते. हा भाग मी एकटीने लिहायचा असं सरांनी सांगितलंय. पहिल्यांदाच!

---

नरपड
२२ जानेवारी २०१७

चि. भाविनी,

आशीर्वाद. पत्र धर्मेशने आणून दिलं आणि मी वाचेपर्यंत दारात उभा राहिला. शेजारी असावा तर असा, काही सुटत नाही त्याच्या तावडीतून.

स्लीपर का, विचारतेस? आपल्या खडकांवरची धारदार शिंपल्यांची कालवं तू लहानपणी तुडवली आहेस. गुडघा फोडून घेतलास तेव्हा तुझ्या काकीने हळद दाबली होती, विसरलीस? तुमच्या सरांना सांग, एकदा अनवाणी चालून दाखवा त्या कालवांवरून. मग दैत्याने काय घालावं ते ठरवू. दिग्दर्शक म्हणाला होता, पाय दिसणार नाहीत. दिग्दर्शक बरंच काही म्हणाला होता.

ते सोंग मीच बांधलं होतं. आपलंच जुनं जाळं, वर गोणपाट, डोळ्यांच्या जागी जाळं तरंगत ठेवायचे दोन लाकडी बोये लाल रंगवून. रोज भिजायचं, म्हणून रोज बोंबील वाळवायच्या बांबूंवर टांगायचो. तिथे मांजरं जमायची. तिसऱ्या दिवसापासून मी चाललो की मांजरं मागे. ती दिसतात का सिनेमात?

बायकांचा गोंधळही दिसत असेल. दिग्दर्शकाने त्यांना सांगितलं, दैत्य पाण्यातून वर आला की पळायचं. कुठे पळायचं ते सांगितलं नाही. आपल्याकडे पाण्यातून कोणी वर आलं की बायका कुठे पळतात? टोपल्या घेऊन सरळ पाण्याकडे, मासळी उतरवायला! सगळ्या माझ्या अंगावर आल्या. तो डोक्याला हात लावून बसला, पण फिल्म संपत आली होती म्हणून तेच ठेवलं.

आता माझं ऐक. त्या बायकांत तुझी काकी होती, माझी पुतळी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सिनेमा तलासरीला तंबूत लागला तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो, आणि नेमकं ती पडद्यावर यायच्या आधी रीळ जळालं. लोकांनी खुर्च्या फेकल्या. पुतळी गेली त्याला सहा वर्षं झाली, घरात तिचा एकच फोटो आहे, मतदान कार्डावरचा. त्यात ती अशी बघते की जणू फोटो काढणाऱ्याने मासळी नासकी दिली.

ती त्यात आहे का, एवढंच कळव. बाकी काही नको.

तुझा काका,
चंदर

---

गोरेगाव
६ फेब्रुवारी २०१७

काका,

आहे! काकी आहे!

मी तो तुकडा इतक्या वेळा बघितला की संकलन करणारा मुलगा मला चहा आणून देऊ लागला. बायका धावत येतात, तुम्ही सांगितलंत तशाच, पाण्याकडे. तिसरी काकी. कासोटा घट्ट, डोक्यावर टोपली, नाकात चमकी. इतकी बारीक होती ती? मला आठवते ती काकी पाटावर बसली की पाट दिसायचा नाही. आणि धावते कशी! बाकीच्या गोंधळल्यासारख्या वाटतात, हिला मात्र कुठे जायचंय ते पक्कं ठाऊक असावं.

सिनेमावाल्यांनी या धावण्यावर वरून आवाज चढवलाय, "ये गाँव तो दैत्य की पूजा करता है!" म्हणजे तुमच्या बायकांमुळे कथाच बदलली. आणि मांजरं आहेत. दोन.

मग सिनेमातलं सगळ्यात भयंकर दृश्य. काकी तुमच्यापुढे थांबते, टोपली खाली ठेवते, तिचे ओठ हलतात आणि दैत्य तिचा हात मनगटापर्यंत तोंडात घेतो. मग किंकाळी. काकीची नाही, कोणीतरी दुसरीच बाई माईकपुढे किंचाळली आहे. हे काय चाललंय काका? तुम्ही खरंच चावला होतात?

कार्यक्रम १६ एप्रिलला, रविवारी दुपारी चार वाजता. एक सांगते. आमच्याकडे सिनेमा नुसता दाखवत नाहीत. पडद्याखाली सोफ्यावर तिघं बसलेले दिसतात, दोन मुलगे आणि एक मुलगी, आणि ते सिनेमाविषयी बोलत असतात. म्हणजे, मोकळेपणाने बोलतात.

तुमची,
भाविनी

---

नरपड
१५ फेब्रुवारी २०१७

चि. भाविनी,

आशीर्वाद, आणि तुझ्या तोंडात साखर.

पत्र मी चुलीपाशी बसून वाचलं, पुतळी बसायची तिथे. चमकीचं वाचलं आणि थांबलो. ती चमकी पुढे वादळाच्या वर्षी होडीच्या दुरुस्तीसाठी विकावी लागली. मी विसरलो होतो, पोरी. माझ्याच बायकोची चमकी मी विसरलो होतो.

आता तयारी. देवळापुढच्या मांडवात धर्मेशचा मोठा टीव्ही लावायचा ठरलंय. आपला पाडा सगळा येणार. त्या वेळी महालक्ष्मीची जत्रा असेल, हिरूने तिथे सुक्या मासळीचं दुकान लावायचं ठरवलंय, पण ती म्हणाली रविवारी सुनेला बसवते आणि मी येते. तीही धावली होती ना तेव्हा! पहिली असेल ती बघ, जाडी. सायवनहून तुझ्या आत्याकडचे जीप करून येताहेत. तरणी पोरं मला आतापासून "ओ दैत्यकाका" म्हणतात. इतकी वर्षं मी सांगत होतो आणि ही पोरं एकमेकांना डोळे मारत होती. आता बघा म्हणावं.

ते तिघं मोकळेपणाने बोलतात ते चांगलंच. मला ऐकू येणार नाही, पण बाकीचे ऐकतील. जाणकार लोक असतील.

हाताचं विचारू नकोस. सगळंच काही काकाने पुतणीला सांगायचं नसतं.

तुझा,
दैत्यकाका

---

गोरेगाव
३ मार्च २०१७

काका,

घाईत लिहिते. मला वाटतं मांडवात नको. दुपारी चारला ऊन थेट पडद्यावर येईल, काही दिसणार नाही. शिवाय सायवनच्या लोकांना एवढ्या लांबून उन्हात कशाला आणायचं? हिरूमावशीचाही धंदा बुडेल. तुम्ही घरीच बघा ना, एकटे, शांतपणे. आवाज बंद करून सुद्धा चालेल, नाहीतरी तुम्हाला ऐकू येत नाही. मी नंतर एक कॉपी करून घेऊन येईन, तेव्हा सगळ्यांना दाखवू. फक्त सिनेमा. सोफा नको.

बरी आहे. काम खूप आहे.

भाविनी

---

नरपड
२५ मार्च २०१७

भाविनी,

उशीर झाला. मुद्दाम केला.

तुझं मागचं पत्र वाचून मला वाटलं, पोर आजारी आहे. मी धर्मेशला विचारलं, हिच्या कार्यक्रमात असतं काय? त्याने मोबाईलवर एक भाग लावला. कुठल्याशा जुन्या सिनेमात एक नाग होता. मला ऐकू काही येईना, पण सोफ्यावरचे तिघं एकमेकांना टाळ्या देत होते आणि धर्मेश हसता हसता ओट्यावरून खाली गेला. मग माझ्याकडे बघून एकदम गप्प झाला. तो गप्प झाला तेव्हा मला कळलं.

मला वाईट वाटलं. उगाच लपवत नाही, खूप वाईट वाटलं. माझ्यावर हसणार म्हणून नाही. दैत्य म्हणून स्लीपर घालून फिरलेला माणूस मी, आणि मांजरं मागे. त्यावर हसणार नाही तर काय आरती करणार? वाईट याचं वाटलं की तुला वाटलं, काकाला सोसणार नाही. ज्या घरात तू वाढलीस तिथे कोण कोणाला हसायचं सोडत होतं? तुझी काकी माझ्या घोरण्याची नक्कल अख्ख्या पाड्यापुढे करायची. आणि तू मला आवाज बंद करून बघा म्हणतेस.

धर्मेश म्हणाला, काका, बोलावणं रद्द करू का? मी हो म्हणालो. मग रात्री नाही म्हणालो. कारण रद्द केलं तर लोक विचारणार का, आणि मग मला खरंच लाज वाटल्यासारखं होईल.

तूही तुझ्या तिकडे काही रद्द करू नकोस. मी तुला ओळखतो, तुझ्या डोक्यात आलं असेल. तुमची ती पोरं हसणार नसतील तर तो डबा परत गोदामात जाईल, एवढं मला कळतं. मला पुतळीला बघायचं आहे, भाविनी. चालताना बघायचं आहे. त्यासाठी माझं काय व्हायचं ते होऊ दे.

चंदर

---

गोरेगाव
२ एप्रिल २०१७

काका,

पत्र वाचून मी जिन्यात जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि सरांकडे गेले.

तुम्ही बरोबर ओळखलंत. मी आधीच एकदा त्यांना म्हटलं होतं, हा सिनेमा सोडून देऊ. प्रविण सर वाईट नाहीत, पण सरळ बोलतात. म्हणाले, विनोद नसतील तर तो सिनेमा कोणी बघणार नाही, डबे परत पाठवतो. आणि तुझ्या जागी लिहायला दोघं जण रांगेत आहेत. म्हणून मी गप्प बसले. तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही 'जाऊ दे' म्हणाला असतात असं मला वाटलं. चुकले. माफ करा.

आता काय केलंय ते सांगते. तुमच्यावर पोटभर विनोद आहेत. बोयांच्या डोळ्यांवर, मांजरांवर, आणि स्लीपरवर तर तिघं थांबतच नाहीत. ते सगळं ठेवलंय, तुम्ही म्हणालात म्हणून. पण काकीच्या दृश्यावर चार विनोद होते. हात खाण्याचं दृश्य म्हणजे त्या भागातलं सगळ्यात मोठं हसू, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. ते चारही मी काढले. तिथे तिघं काही बोलणार नाहीत. गप्प बसून नुसते बघतील. काकी येईल, थांबेल, जाईल, आणि कोणी एक शब्द बोलणार नाही.

सर भडकले. म्हणाले, लोक चॅनेल बदलतील, हा भाग पडला तर पुढचा तुला नाही. मी म्हटलं, चालेल. शेवटी ते म्हणाले, कर तुझ्या मनासारखं, महिन्याभराने पुनर्प्रक्षेपण असतं, तेव्हा मी माझ्या मनासारखं करीन.

नोकरीचं व्हायचं ते होवो. तिच्यावर कोणी हसणार नाही. एवढं मी तुम्हाला देऊ शकते.

मांडवातच बघा. सगळ्यांना बोलवा. आवाज मोठा ठेवा.

तुमची,
भाविनी

---

नरपड
१८ एप्रिल २०१७

चि. भाविनी,

आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद. एक सरांनाही दे, भडकलेल्या माणसाला लागतो.

सगळं सांगतो, पण क्रमाने. मांडवावर धर्मेशने ताडपत्री टाकली होती, ऊन आलं नाही. जीप आली. हिरू जत्रेतून आली ती थेट पहिल्या खुर्चीवर. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. मला ऐकू येत नाही, तेव्हा मी टीव्ही थोडा आणि लोकांची तोंडं जास्त बघायची असं ठरवलं होतं. मनात धाकधूक होती, खोटं कशाला बोलू?

मी पाण्यातून वर आलो आणि सगळा मांडव हसला. पोरी, ते हसणं मला ऐकू आलं! उजव्या कानाने. स्लीपर दिसली तेव्हा तर लोक माझ्याकडे वळून वळून हसत होते. तरणी पोरं येऊन माझ्या पाया पडली, खरोखर पडली, हसता हसता. मला वाटत होतं मान खाली जाईल. नाही गेली. इतक्या वर्षांत कोणी माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतं. हिरू स्वतःला धावताना बघून ओरडली, "ही कोण भूत माजलीय?"

मग पुतळी आली.

तू लिहिलं होतंस तसंच. चमकी, टोपली, धावणं. मी बघितलं तिला. मी विसरलो होतो की ती धावताना डावा हात असा उडवायची. मी तिच्यासोबत इतकी वर्षं काढली आणि एवढं सुद्धा विसरलो होतो. आता नाही विसरणार.

आणि तेवढ्यात तुझे ते तिघं गप्प झाले. धर्मेश ताडकन उठला. सोफ्याचा आवाज गेला, आवाज गेला म्हणत त्याने टीव्हीला दोन थपडा मारल्या आणि मागच्या वायरी हलवायला लागला. तिकडे दैत्य पुतळीचा हात खातोय आणि इकडे धर्मेश पडद्याच्या मधे! हिरूने चप्पल काढून त्याला मारली तेव्हा तो बाजूला झाला.

तू ती शांतता का ठेवलीस ते मला कळलं. नोकरी पणाला लावलीस, माझ्यासाठी, तिच्यासाठी. त्याचं मला इतकं वाटलं की ते लिहिता येत नाही, आलीस की डोक्यावर हात ठेवीन. पण भाविनी, तू घोटाळा केलास. अख्ख्या सिनेमात हसायची खरी जागा तीच होती! आणि ते तुझ्याकडून हुकलं, कारण मी सांगितलं नव्हतं. म्हणजे चूक माझी. त्या दिवशी मांडवात मी ती सगळ्यांना सांगून टाकली. तुलाही सांगतो.

ते सोंग सकाळी अंगावर चढवायचे, मागून दोऱ्याने शिवायचे, मग दिवस मावळेपर्यंत उसवायचे नाहीत. खायला सोय नाही. तोंडाचं भोक तेवढं उघडं. पहिले दोन दिवस मी संध्याकाळपर्यंत नुसत्या पाण्यावर काढले. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, पळा, आणि बाकीच्या सवयीने पाण्याकडे पळाल्या. पुतळी सवयीने नाही पळाली. तिच्या टोपलीत भाकर होती. तांदळाची, वर बोंबलाची चटणी. कॅमेरा चालू, दिग्दर्शक भोंग्यातून ओरडतोय, आणि ही बाई टोपली ठेवून दैत्याच्या तोंडात मनगटापर्यंत हात घालून घास भरवते! मी चावलो नाही. मी जेवत होतो.

हे मी उठून सांगितलं, तेव्हा हिरू हसत हसत खुर्चीवरून खाली बसली ती उठेना. सायवनच्या लोकांनी डोळे पुसले. मीही हसलो, आणि हसताना रडलो. दोन्ही एकदम चाललं होतं म्हणून कोणाला कळलं नाही. तुला कळलं असतं.

तर महिन्याभराने तुझे सर पुन्हा दाखवणार आहेत ना, तेव्हा तिथे कोणी गप्प बसायचं नाही. पुतळीला गप्प बसलेली माणसं आवडायची नाहीत. सरांना सांग, किंकाळी काढून टाका, ती तिची नाहीच. तिचे ओठ हलतात तिथे सोफ्यावरच्या त्या मुलीला बोलायला लाव. ती काय म्हणाली ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मांडवात सुद्धा नाही सांगितलं, ते तुझ्यासाठी ठेवलं. नीट लिहून घे, एक शब्द बदलायचा नाही:

"गप खा आधी. तो मेला बघतोय."

तुझा,
काका